नाकेदार

कारेलीबागेतल्या त्या घरी मला बोलावलं
कम्प्युटर चालत नाही म्हणून.
चालत होता.
फक्त कुठे जात नव्हता.

मोहितेकाकांनी दोन फायरवॉल बसवल्या होत्या,
एक विकतची, एक फुकटची,
आणि तिसरी यंत्राबरोबर आलेली,
भाड्याच्या घरातल्या जुन्या कडीसारखी,
जिची आठवण कुणालाच नव्हती.

पहिली म्हणे: ही दुसरी बाहेर कुणाशी तरी बोलतेय, अडवू?
दुसरी म्हणे: ही पहिली माझी झडती घेतेय, अडवू?
दोघी आपापल्या नव्या याद्या आणायला निघत
आणि एकमेकींच्या उंबऱ्यावर अडखळत.
मधे नातवाचं शाळेचं पान
अर्धं उघडून ताटकळलेलं,
मानपानावरून वेशीवर थांबलेल्या वऱ्हाडासारखं.

"काका, एका म्यानात..." मी सुरू केलं.
"तलवारी नाहीत त्या. बॅरिअर आहेत.
छाणी नाक्यावर आम्ही दोन ठेवायचो.
एकातून सुटला ट्रक तर दुसऱ्यात सापडायचा."

एकतीस वर्षं जकात.
ताडपत्री उचलायची, पोत्यात सळई खुपसायची,
बिस्किटं लिहिलेल्या खोक्यातून
तांब्याची तार निघायची, रात्री तीनला,
ड्रायव्हर हात जोडून, जवा दो ने साहेब,
आणि कार्बन खालून सरकलेला.
मग एका वर्षी जकातच गेली.
बॅरिअरचा बांबू कुणी नेला, कळलंच नाही.
रिक्षावाले अजून ओरडतात, जकातनाका, जकातनाका,
तिथे उतरून बघावं तर
मोबाइलच्या कव्हरांचं दुकान.

त्यांनी टेबलाच्या खणातून वही काढली.
लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची, रकाने आखलेली.

*सकाळी ७.४०. प्रिंटर. बाहेर जायचंय म्हणतो.
काम घरात, मग बाहेर कशाला? अडवला.*

*७.५५. घड्याळ. वेळ विचारायला जातो. सोडला.*

*दुपारी २. नाव नाही, नुसते आकडे. तीनदा आला.
अडवला. परत आल्यास गाव विचारणे.*

चार महिन्यांची पानं. खाडाखोड नाही.

"आणि मी अजून वीजबिलाच्या रांगेत,"
काकू आतून म्हणाल्या,
ताट आपटल्याचा आवाज वाक्यानंतर आला.

मी समजावलं: पोतं एकच, सळया दोन,
एकाच वेळी खुपसल्या की सळईला सळईच लागते.
एक काढावी लागेल.
बराच वेळ ते पडद्याकडे बघत बसले.
"ज्युनिअर कोण?"
"फुकटची. ती नंतर आलीय."
"काढली म्हणू नका मग.
बदली झाली म्हणा."

बदली झाली.
शाळेचं पान झटक्यात उघडलं,
प्रिंटरने चार महिन्यांचे कागद
एकदम ओकून टाकले,
काकूंनी बसल्या जागी बिल भरलं
आणि मला दुसऱ्यांदा चहा मिळाला.

आठ दिवसांनी फोन.
"बिघडलं का काका?"
"नाही. उत्तम चालतंय."
मागे पंखा ऐकू येत होता.
"आता काही विचारत नाही ते.
कुणाला सोडलं, कुणाला अडवलं,
सगळं आपलं आपण. सहीशिवाय."

गेलो. खोल आत एक चौकट असते,
लोक पहिल्याच दिवशी तिची खूण काढून टाकतात:
*प्रत्येक वेळी विचारा.*
मी लावली.
दोन मिनिटांत कोपऱ्यात एक खिडकी उगवली,
कुणीतरी बाहेर जाऊ मागत होतं.
काकांनी चष्मा पुसला. खुर्ची पुढे ओढली.
घाई केली नाही.

पन्नास रुपये दिले आणि पावती मागितली.
पावतीपुस्तक मी ठेवत नाही.
"असं कसं," म्हणाले,
आणि स्वतःच वहीत लिहू लागले,
मी चपला घालता घालता वाचलं:

*संध्या. ६.१०. दुरुस्तीवाला. पिशवीत
स्क्रूड्रायव्हर, वायरी, अर्धा बिस्किटपुडा.
सोडला.*