केसपेपर

तिसऱ्या खेपेला पोचले.
पहिल्यांदा बुधवार समजून गुरुवारी गेले, गुरुवारी दवाखाना बंद.
दुसऱ्यांदा कन्ना चौकातच गाडी थांबवली,
कशासाठी ते आठवत नाही,
घरी आले तेव्हा हातात कडक भाकरीचं पुडकं.

डॉक्टर म्हमाणे मला फ्रॉकपासून ओळखतात.
माझ्या कांजिण्या, माझं बाळंतपण,
वडिलांच्या छातीतला मागावरचा कापूस,
सगळं त्यांच्याच तिरक्या अक्षरात.
बस की, म्हणाले. बीपी?
नाही. डोकं.
दुखतंय?
दुखत नाही.
मग काय, म्हणाले,
आणि पाठ केलेलं सगळं गेलं.
कागदावर लिहून ठेवलं होतं. कागद फ्रिजवर.

मग जसं आठवेल तसं, उलटसुलट.
पाणी चार दिवसांआड येतं, अख्ख्या पेठेला पाठ आहे.
मी तीन गजर लावते, तिन्ही बंद करते,
आणि शेजारच्या यल्लूबाई माझी घागर नळाखाली लावतात.
या महिन्यात दोनदा लावली.
दुसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

कारखान्यात हुबळीच्या चादरी हैदराबादला पाठवल्या,
आणि त्याच आठवड्यात तीन वर्षं न जुळलेला हिशेब
एका बैठकीत जुळवला, डबा न उघडता, दिवेलागणीपर्यंत.
मालक दोन्ही वेळा तेच म्हणाले,
तुझं काही कळत नाही, भाग्या.

आणि मुलाच्या शाळेतून आलेला तो फॉर्म, एडीएचडीचा:
हातातलं काम अर्धवट टाकतो का?
समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतो का?
वर नाव मुलाचं. उत्तरं माझीच होत गेली.

डॉक्टर हसले.
अगं, चाळिशी. थायरॉइड बघू. मोबाइल कमी कर.
आणि बी.कॉम. फर्स्ट क्लास आहेस तू,
तसलं काही असतं तर पास झाली असतीस?

मी उठणारच होते.
आजवर नेमकी अशाच वेळी उठत आले.
पण बोलले. म्हटलं, वडील सांगायचे,
बाणा तुटला की माग आपोआप थांबतो.
माझा थांबत नाही, डॉक्टर.
धोटा रिकामाच पळतो, खडखड खडखड, रात्री दोनपर्यंत,
आणि सकाळी बघावं तर
कापड वीतभरसुद्धा पुढं गेलेलं नसतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.
इरण्णा, येमूल. अठ्ठ्याऐंशीचा गठ्ठा काढ.

केसपेपर पिवळा, कडा उंदरानं खाल्लेल्या.
'हनुवटीला तीन टाके. यंदा तिसऱ्यांदा पडली.
फार चंचल. लक्ष नसते. मोठी झाल्यावर निवळेल.'
खाली सही त्यांचीच.

बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले.
बाहेर कुणाचं तरी पोर इंजेक्शनच्या आधीच रडत होतं.
निवळलं नाही, मी म्हणाले.
नाही, ते म्हणाले.
मला यातलं फार कळत नाही. ज्यांना कळतं त्यांच्याकडे पाठवतो.

पत्र चार ओळींचं.
मानसोपचारतज्ज्ञांस. वय त्रेचाळीस.
लक्षणे लहानपणापासून. कृपया नीट तपासावे.
'लहानपणापासून'खाली रेघ.
माझ्या वहीत आजवर रेघा पडल्या
त्या चुकांखाली.

जिना उतरले. परत चढले.
स्कूटीची किल्ली त्यांच्या टेबलावर, स्टेथोस्कोपशेजारी.
त्यांनी किल्ली दिली नाही, आधी पत्र परत मागितलं,
सहीच्या खाली आणखी एक ओळ घातली:
'जाताना किल्ली विसरली. समक्ष पाहिले.'
आणि त्यावरही शिक्का मारला.