स्तंभालेख

विज्ञान प्रदर्शन उद्यावर आलं आणि काळा रंग संपला.
निळा होता, हिरवा होता, पिवळ्याची तर अख्खी कांडी,
पण सूर्याचा स्तंभ बोटभर
आणि कोळशाचा कार्डशीटच्या वर जाऊ पाहणारा.

मैना टेकाम उठली, फाटकाबाहेर गेली.
वणीच्या रस्त्यानं रात्रंदिवस हायवा जातात,
वळणावर हिसका बसला की ताडपत्रीखालून सांडतं थोडं.
ओढणीत चार खडे घेऊन आली.
"ह्यानंच रंगवू ना मॅडम. कोयसाच त हाय."

मी गणिताची बाई.
आधी प्रमाण ठरवा, म्हटलं.
एक सेंटीमीटर म्हणजे किती,
ते उजव्या कोपऱ्यात, स्वच्छ अक्षरात.
आकडे पुस्तिकेतले, तीन वर्षांपूर्वीचे, देशाचे.
पट्टीनं मोजून उभा केला
की देश फार सरळ दिसतो.

"अन् आपलं गाव कुठी हाय याच्यात?"
फळ्यावर भागाकार मांडला, मोठ्यानं.
दशांश चिन्हापुढे शून्यं लिहीत गेले,
खडू झिजला, पोरं हसायला लागली.
शेवटी म्हटलं, पेन्सिलीची रेघ असते ना,
तिच्या जाडीहूनही कमी.
मैनानं पेन्सिल तासली.
पाहिली. आणखी तासली.

तेवढ्यात लाईट गेली.
कुणी काही बोललं नाही,
कार्डशीट उचलून दाराशी सरकलो एवढंच.
दूर वीजकेंद्राच्या चिमणीवरचा तांबडा दिवा
उघडमीट करत होता.

"माही माय रोज मोयी आणते डोक्शावर.
पऱ्हाटी, तुराटी, कधी पयसाच्या काड्या.
हे कोनत्या खांबात टाकू?"
मी पुस्तिका पुढून चाळली, मागून चाळली.
तिथं मीटर नाही, बिल नाही,
मानेचं एकक नाही.
"इतर," म्हटलं मी. "इतरमध्ये टाक."

तिनं रंगवलं नाही.
घरून पऱ्हाटीची एक काडी आणली,
सालपटं तशीच, टोकाला वाळकं बोंड,
आणि खळीनं चिकटवली 'इतर'वर.
कोळशाला ओलांडून ती
कागदाबाहेर वीतभर गेली.

केंद्रप्रमुख आले. सुबक आहे, म्हणाले.
काळ्या स्तंभावरून बोट फिरवलं,
त्याच बोटानं शेरेवहीचं पान दाबून सही केली.

वही अजून माझ्या कपाटात आहे.
एका कोपऱ्यात काळा ठसा,
आणि वर, निळ्या शाईत:
उत्तम. काडी कापून मापात घ्यावी.