मुका ह

चाकणला, नव्या शेडच्या फितीपुढे
बोकीलसाहेब माइकवर म्हणाले,
"धिस इज अ हम्बलिंग मोमेंट फॉर मी."
शेजारी मी, गळ्यात दुभाषीचा बिल्ला,
बावीस वर्षांचा सराव,
जिभेवर आयता शब्द : उमियान्ते.

मेक्सिकोहून आलेले सहा पाहुणे
टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून थांबले.
एकानं आपल्या बुटांकडे पाहिलं.
साहेब हसतच होते.
त्यांना काय ठाऊक, माझ्या तोंडून ते आत्ताच म्हणाले होते :
तुम्ही आलात, माझी बेअब्रू झाली.

जेवताना, मटकीच्या उसळीशी जपून झुंजत
सेन्योरा ओतिलिया माझ्याकडे कलल्या.
पिकलेले केस, नखांत मुरलेलं ग्रीस,
आवाज इतका खाली की वाढप्यालाही ऐकू जाऊ नये.
"उमियान्ते म्हणजे कुणीतरी ढकलून पाडतं.
साहेबांना म्हणायचं होतं, मे येना दे उमिल्दाद,
नम्रतेनं भरून आलंय."
मी विचारलं, आणि आत्ता माझं जे झालं, ते?
त्या हसल्या. "कुरा दे उमिल्दाद.
नम्रतेचं औषध. कडूच असतं."
आणि त्यांच्या ताटातला पापड माझ्या ताटात ठेवला.

कंपनीची बस नाशिक फाट्याला पाऊण तास अडली.
मी मराठीत शोधत बसले.
पाणउतारा, फजिती, नाचक्की, शोभा :
या मालाची आमच्या शहरात टंचाई नाही,
दुकानाच्या पाटीवरही फुकट मिळतो.
नम्र? ते तर अर्जाखाली सही करताना सगळेच असतात.
लीन देवळात, चप्पल चोरीला जाईपर्यंत.
शिवाजीनगर आलं तेव्हा कुठे आठवलं, वरमणे.
आई म्हणायची, "वरमली बिचारी," आणि विषय बदलायची.
शब्दात 'वर' आहे,
आणि माणूस मात्र खाली बघतो.
नेमका नाही. पण जवळचा.

कोथरूडला, रात्री, जुनी वही काढली.
पहिल्या वर्षाची, निळ्या शाईची,
बाईंनी लाल पेनानं घातलेली सूचना :
उमिल्दादच्या आधी 'ह' लिहायचा, उच्चारायचा नाही.
बावीस वर्षं तो तिथे उभा,
सगळ्यांच्या पुढे,
आणि कधी एक अक्षर बोलला नाही.

तेवढ्यात साहेबांचा मेसेज :
काल काय सुरेख बोललात! पाहुणे अगदी स्तब्ध झाले.
मी लिहिलं, पुसलं.
लिहिलं, पुसलं.
मग : सर, माझ्याकडून एक चूक झाली, सांगायची आहे.

दोन खुणा निळ्या झाल्या.
वर 'टाइप करत आहेत' असं आलं,
गेलं,
पुन्हा आलं.