शेष

तिसऱ्या तासाला भागाकार.
वरचा आकडा खाली घ्या, मी म्हणते,
आणि दुसऱ्या बाकावर
तन्विता माजीकचं डोकं खाली येतं,
वहीवर, बरोबर शेषाच्या जागी.

आरोग्य केंद्रातली बाई गेल्या शुक्रवारी
फळ्याच्या कोपऱ्यात चंद्र काढून गेली.
चंद्राच्या डावीकडे दूध, केळं, नाचणीचं सत्त्व,
उजवीकडे तळलेलं, फार गोड, आणि काळं कोल्ड्रिंक.
जेवण लवकर, म्हणाली, मग झोप आपोआप.
चंद्र मी पुसला नाही.
त्याच्या बुडाशी आमची उदाहरणं चालू आहेत.

मग मीही मुलांना वहीत रकाना आखायला लावला :
काल रात्री काय खाल्लं.
पहिल्या दिवशी अख्खा वर्ग शहाणा.
तेवीस मुलं, तेवीस भाकऱ्या, तेवीस पेले दूध.
होंड्याच्या तिठ्यावरचा कटलेट-पाववाला
त्या रात्री माल तसाच घेऊन घरी गेला असणार.

तिसऱ्या दिवसापासून खरं यायला लागलं.
नुमान : शीत, कडी, मग मामाच्या दुकानातले चिप्स.
अंकेत : मॅगी. खाली परत, मॅगी.
श्रेयन : रोस ऑम्लेट, उंडो, पप्पाच्या ग्लासातला बर्फ.
बर्फाबद्दल मी काही विचारलं नाही.
एकानं लिहिलं, मार खाल्ला,
आणि मी सवयीनं त्याच्यापुढे लाल टिक केली.
केलेली टिक कशी खोडतात
हे मला डीएडला कुणी शिकवलं नव्हतं.

तन्विता : सात वाजता पेज.
साडेआठला चहा.
दहाला कोल्ड्रिंक, अर्धी बाटली.

मधल्या सुट्टीत बचत गटाच्या बायका
पावभाजी वाढत होत्या, तिथंच तिला गाठलं.
अगो, एवढ्या रात्री कोण पितं ते?
तिनं पावाचा मऊ भाग आधी खाल्ला,
मग कडा, मग बोटं पुसली फ्रॉकला.
आवय येता मेरेन, म्हणाली.

आई पिसुर्ल्याच्या कारखान्यात
पाकिटांत गोळ्या भरते. दुसरी पाळी अकराला सुटते,
कंपनीची बस तिठ्यावर सोडते साडेअकराला.
सकाळी शाळेच्या वेळी आई झोपलेली,
तिला उठवायचं नाही, हा घरचा कायदा.
उरतात रात्रीची वीस मिनिटं.
चहावर दहापर्यंत जाता येतं, टीचर,
तिनं मला नीट समजावून सांगितलं,
पुढचं कोल्ड्रिंकवर.
साखळीला गाडी बदलून
पणजीला जावं, तशी.

चंद्राच्या डावीकडे हे नव्हतं.
उजवीकडेही नव्हतं.

मी आईला चिठ्ठी लिहिली, फाडली, परत लिहिली.
दूध द्या, असं लिहिणार होते.
लिहिलं एवढंच, की ती तुमच्यासाठी जागते.
उत्तर आलं नाही.

बुधवारी रकान्यात : पेज, तोर. चहा नाही.
गुरुवारी परत अर्धी बाटली.
शुक्रवारी : पेज, सुक्या बांगड्याची किसमूर,
आणि त्याखाली, रकान्याबाहेर जाऊन,
सकाळी आवय उठली. आम्ही दोघींनी च्या-पाव.

फाटकापाशी मी तिला पाहिलं,
गाऊनवर ओढणी, हातात लेकीची पाण्याची बाटली,
डोळे चार-साडेचार तासांच्या झोपेचे.
तिला जांभई आली. मग मला.
आम्ही दोघी तोंडावर हात धरून उभ्या,
काही बोललो नाही.

तिसरा तास. वरचा आकडा खाली घ्या.
दुसऱ्या बाकावर मान ताठ, पेन्सिल चालू.
भाग गेला, टीचर! तन्विता ओरडली,
आणि वही दाखवायला घेऊन आली.
शेष किती उरला
ते तिनं अंगठ्यानं झाकलं होतं.