अर्धा बर्फ

जनाबाय पावसे सोसायटीच्या खिडकीशी येऊन म्हणाली,
"तुज्या पेटीला चार वेला नाव सांगलं,
चारी वेला इसरली."
डिझेलच्या परताव्याचा अर्ज,
सदतीस रकाने, एका बोटाने.
बाविसाव्याला लिलावाची हाक आली,
ती पाटी उचलून गेली.
परतली तर पान पुन्हा विचारतंय :
आपण कोण?

दिवाळीनंतर मीच फाइल उघडून
वेळ वाढवला होता. ७२००. दोन तास.
आकडा अजून तिथेच होता, शहाण्यासारखा.
मग चार ओळींचं एक पान लिहिलं,
सर्व्हरला एवढंच विचारणारं :
बाबा रे, तू प्रत्यक्षात किती धरतोस?
म्हणाला, १४४०.
त्याच नावाची दुसरी फाइल होती, शेजारच्या फोल्डरात.
तो तिचं ऐकत होता.
एका नावाच्या दोन होड्या,
आणि मी रंग दिला भलतीलाच.

१४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटं,
म्हणजे बरोबर एक घटिका.
ज्याने हा आकडा पहिल्यांदा लिहिला
त्याने घटिकापात्र पाहिलं नसावं.
मी पाहिलंय, आंजर्ल्याच्या एका लग्नात :
गंगाळात तरंगणारी तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक,
आणि तिच्यावरून नजर न काढणारे उपाध्ये.
आमच्या सर्व्हरच्या पोटातही
प्रत्येकाच्या नावाने एकेक वाटी.
बटण दाबलं की उपसून पुन्हा तरंगत सोडतो.
टायपिंग मात्र त्याला दिसत नाही.
जनाबाय रकाने भरत असते,
तिची वाटी भरत असते.

आकडा खरा की खोटा, तपासायची रीत एकच :
लॉगिन करायचं आणि काही करायचं नाही.
पान चुकून ताजं केलंत,
तर मोजा पहिल्यापासून.
बारा बावीसला दार ओढून मी बंदरावर गेले.
ओहोटी. होड्या कुशीवर.
बैलगाडीचं चाक ओल्या वाळूत रुतलेलं,
गाडीवान बिडी संपवत पाण्याची वाट बघत.
काहीच न करण्याचा पगार
मला पहिल्यांदाच मिळत होता.

बारा अठ्ठेचाळीसला परतले,
पान म्हणालं, नमस्कार.
वाटी बुडाली होती, उचलली कुणी नव्हती.
वेळ संपलेलं सत्र लगेच मरत नाही,
झाडूवाली येईपर्यंत कोपऱ्यात पडून राहतं.
आणि ही झाडूवाली
शंभर हाका मारल्या तर एखादीला येते.
गर्दीत लवकर. सामसुमीत तिची मर्जी.

"दिवसभराचं करून टाक," हिशेब बघणारा अशफाक होडेकर म्हणाला.
पण सोसायटीत संगणक एकच.
नारळी पुनवेच्या आधी धर्मा रघुवीर
पान उघडं टाकून चहाला गेला,
आणि दिवेलागणीला पाजपंढरीत
त्याचं कर्ज पोरांनाही पाठ.

मी जनाबायला विचारलं,
लिलावाला जाऊन यायला किती वेळ लागतो?
तिने पेटीचं झाकण उचलून आत पाहिलं.
"अर्धा बर्फ."

दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन तिच्या पेटीशेजारी बसले.
सुरमईवरचा चुरा खचत गेला, पाणी झालं,
बायका हसत होत्या, कोण ही बर्फाची राखण करणारी.
सत्याऐंशी मिनिटं.

५४०० लिहिलं, या वेळी बरोबर होडीवर.
पुढे दोन तिरप्या रेघा मारून :
अर्धा बर्फ.
माझ्यानंतर ही फाइल उघडणारा डोकं खाजवील.
खाजवू दे.
खाली आणखी एक ओळ टाकली आहे त्याच्यासाठी :
हे माप जानेवारीचं.
मे महिन्यात पुन्हा तपासणे.