लामजन्याच्या पुढचा खड्डा

पहाटे साडेचारला निलंग्याहून निघतो मी,
बावीस कॅन, दूध अजून कोमट,
शेजारी अफरोज, मफलरात अर्धा झोपलेला.
लामजन्याच्या पुढं, वळणावर, डावं चाक उतरतं.
धप्प.

एवढंच.
तीन वर्षांपासून तोच खड्डा,
त्याची खोली मला दाढेच्या पोकळीसारखी ठाऊक.
तरी धप्प झालं की आत कुणीतरी विचारतं,
खड्डाच होता ना?

ओरडत नाही ते.
तलाठ्यासारखं, चष्म्यावरून बघत,
कागदावर बोट ठेवतं:
पाहिलंस? नक्की पाहिलंस? मग सही कर.

मी टेम्पो मागं वळवतो.
दिव्यात खड्डा. काठावर एक तुटकी चप्पल.
(कुणाची? काल होती का ही?)
बाभळीखाली काळं काही, उतरून हात लावतो,
टायरचा तुकडा.
निघतो. फर्लांगभर गेलो नाही तोच:
बाभळीच्या पलीकडं कुठं बघितलंस?
ज्याला मी मारलंय त्याचं रूपही ठरलेलं,
डोक्याला पटका, हातात टमरेल,
अंधारात रस्ता ओलांडणारा कुणीतरी म्हातारा.
त्याच्या पायाच्या भेगासुद्धा दिसतात मला.
खड्डा दिसत नाही.
जितकं बघावं तितकं अंधुक होत जातं,
तेलकट फडक्यानं कंदिलाची काच पुसावी तसं.

एका मंगळवारी चार वेळा मागं गेलो.
औशाच्या केंद्रावर पोचेस्तोवर उन्हं आलेली,
नऊ कॅन नासले.
न मेलेल्या माणसासाठी
नऊ कॅन दूध नालीत सोडलं मी,
आणि कुत्री प्यायला आली तेव्हा वाटलं,
ह्यांना बाधलं तर?

हिशोब असा मांडला जातो:
भीती वाटली, म्हणजे घडलं असणार.
मनात आलं, म्हणजे हातून होणार.
नव्याण्णव वेळा खड्डा निघाला,
म्हणजे माणूस आता शंभराव्यावर येऊन थांबलाय.
आणि मी नाही बघितलं तर कोण बघणार?
जसा काही अख्खा निलंगा तालुका
माझ्याच आरशाच्या भरवशावर झोपलेला.

रात्री महानंदाला विचारायचो,
पेपरात काही नव्हतं ना लामजन्याचं?
ती लेकराची शपथ घेऊन सांगायची.
शपथ आधी आठवडाभर पुरायची.
मग रात्रभर.
मग भाकरी संपेपर्यंत.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
भूकंपात घरातलं कुणी?
म्हटलं, नाही. एक रांजण फुटला.
त्यांनी तो लिहूनही घेतला नाही.
मग मी तलाठ्याचं सांगितलं.
हसल्या. म्हणाल्या, मागू दे त्याला.
तुम्ही सही करू नका.
एक गोळी दिली, आणि गोळीहून कडू काम:
खड्ड्यावरून जायचं, आरशात बघायचं नाही,
कुणाला विचारायचं नाही.
मी म्हटलं, आणि खरंच कुणी असलं तर?
त्यांनी 'नसेल' म्हटलं नाही.
त्याचा मला फार राग आला, औशापर्यंत.

अफरोजला बोलावून सांगितलं गेलं,
मामाला धीर द्यायचा नाही.
पोरगं गोंधळलं. म्हणालं, मग काय द्यायचं?

आज पहाटे, धप्प.
हात आरशाकडं गेला आणि
हवेतच राहिला, कुणाला रामराम घालावा तसा.
थंडीत पाठ भिजली.
पटकेवाला म्हातारा रस्त्यात उताणा,
टमरेल अजून गडगडत.
तोंडातून निघालंच,
"खड्डाच होता ना रे?"

अफरोजनं मफलर सोडवला. पुन्हा बांधला.
"असंल," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, काचेबाहेर बघत,
"नसंल."

मागं कॅनची झाकणं खडखडत राहिली.
मी अजून अर्धा तिथंच आहे, वळणावर, उकिडवा,
बोटांनी रस्ता चाचपत.
दूध मात्र पुढं निघालंय.