तिसऱ्या वळणावरचा उंचवटा

उम्म अल क्वैनच्या बाहेर, खारट जमिनीवर
शर्यतीचा एक ट्रॅक आहे, अंडाकृती,
माझ्याच वयाचा. एकेचाळीस.
दिवसा त्याला हात लावायची सोय नाही,
म्हणून आम्ही रात्री नऊला निघतो डबे घेऊन,
शेरजमान, तिलक बहादूर, बिजू आणि मी.

आधी मशीननं जुनी साल सोलली,
चार इंच.
त्यातून काय काय निघालं:
थरावर थर चढलेलं टायरचं रबर,
नटबोल्ट, आरशाचा एक कोपरा,
आणि खजुराची एक बी,
अख्खी, डांबरात बसलेली,
खाऊन कुणी थुंकली असेल पहिल्याच वर्षी.
ती मी खिशात टाकली. बाकी सगळं ट्रकात.

वळणावर हा ट्रॅक उठून उभा राहतो.
रोलर तिथं स्वतःच्याच वजनानं खाली घसरतो,
म्हणून वर, कठड्यापाशी, बुलडोझर लावतात
आणि तारेच्या दोरानं मला बांधतात,
खुंट्याला रेडा बांधावा तसं.
वर शेरजमान दोर सोडतो,
खाली मी डांबर चेपतो.
सैल पडला की मी वर बघतो,
आवळला की तो खाली.
दोन वर्षांत आमचं एवढंच बोलणं झालंय.

बुधवारी रात्री दोनला पांढरी पिकअप आली.
खलफान. डावा पाय ओढत चालणारा म्हातारा.
एकेकाळी नऊ नंबरची पिवळी गाडी चालवायचा,
असं वॉचमन म्हणाला.
त्यानं चपला काढल्या
आणि सोललेल्या, फणी फिरवल्यासारख्या जमिनीवर
टाचेनं काहीतरी शोधत राहिला.
"इथं होता," म्हणाला. "उंचवटा.
त्यावर चाक गेलं की गाडी
एक श्वासभर हलकी व्हायची.
नवख्याला तो भिंतीवर फेकायचा.
मला ओळखायचा."

मग माझ्या हेल्मेटवरचं नाव वाचलं. हमदुले.
"हमदुल्ला!" तो इतका हसला
की बिजूनं जनरेटरपाशी मान वळवली.
"अशा नावाचा माणूस नाही म्हणणार नाही.
तेवढा परत घाल."

मी दापोलीच्या पुढचा.
आमच्याकडे रस्ता म्हणजे
दोन खड्ड्यांच्या मध्ये उरलेली जागा.
सपाट कर म्हणून अर्ज करकरून
माझे वडील गेले.
आणि हा माणूस, अनवाणी, सपाट करू नकोस म्हणून
मला विनवत होता.

लेझर तीन मिलिमीटर माफ करतो.
उंचवटा होता बावीस.
माझा व्हिसा मार्चपर्यंत.

मी थर्मासमधला चहा त्याला झाकणात ओतून दिला.
म्हटलं, अरबाब, तो उंचवटा कुणी घातलाच नव्हता.
खाली सबखा आहे. मीठ.
ते पाणी वर ओढतं, फुगतं, कुठं बसतं, कुठं उठतं.
तुमचा उंचवटा खालून आला होता.
परत येईल.

"कधी?"

तीन उन्हाळे. फार तर चार.

त्यानं बोटांवर मोजलं,
उन्हाळे नव्हे, स्वतःची वर्षं,
अंगठ्यापाशी थांबला,
चहा संपवला,
झाकण कंदुऱ्याच्या टोकानं पुसून परत दिलं.

चारला गाड्या आल्या. दीडशे डिग्रीचा माल,
वाफ अशी की वळणाचं वरचं टोक दिसेना.
आठ फेऱ्या ठरलेल्या असतात.
तिसऱ्या वळणावर, त्या दहा पावलांत,
मी आठ मारल्या की सात,
इंजिनिअरच्या कागदावर आठ आहेत
आणि लेझरनं दोन मिलिमीटर दाखवले, सही झाली.

फेऱ्या मोजणारा खरा तर दोरच.
मध्येच तो एकदा सैल पडला.
मी वर बघितलं.
शेरजमान मुद्दाम
खाडीकडे तोंड करून उभा होता.